आचार्य, आचारी आणि संगणक

फळ्यावर दोन वाक्ये लिहून पाहू. 'आचार्यांना आत बोलवा' आणि 'आचाऱ्यांना आत बोलवा'. पहिल्या वाक्याने विद्वान गुरुजी आत येतील, दुसऱ्याने स्वयंपाक करणारे महाराज. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या जोड्यांमध्ये फरक आहे तो फक्त 'र' लिहिण्याच्या पद्धतीचा. 'आचार्य'मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'आचाऱ्यांना'मधला र मात्र य च्या शेजारीच, पापणीसारख्या आडव्या वळणाने उभा राहतो. कारणही आपण वर्गात सांगतो. पहिल्या शब्दात जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही.

मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही, बोलताना ते आपोआप होते. संगणकाला मात्र आपोआप काहीच होत नाही. मराठीत र जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. पण सांगायचे कोणी? आज्ञावली लिहिणारा अभियंता कदाचित हिंदी किंवा तमिळ भाषक असेल. काम सोपवणारा अधिकारी दिल्लीत असेल. आणि ज्याला रोज ती वापरायची तो तालुक्याच्या कचेरीतला कारकून असेल. या तिघांची गाठ पडलीच नाही, तर ती पापणी आज्ञावलीत येणार कुठून?

आज्ञावली (म्हणजे सॉफ्टवेअर) लिहायला बसण्यापूर्वी ती कोणासाठी, कशासाठी आणि नेमके काय करणारी असावी हे संबंधितांना विचारून ठरवणे, या कामाला संगणकाच्या व्यवसायात 'रिक्वायरमेंट' गोळा करणे म्हणतात. आपण त्याला गरजनिश्चिती म्हणू. या लेखात आपण गरजनिश्चितीचा एक इतिहास पाहणार आहोत. त्याचा बराचसा भाग पुण्यात घडला आणि त्याचा विषय आहे आपली लिपी.

विचारणे इतके अवघड का?

'सॉफ्टवेअर इंजिनियरिंग' हे नाव रूढ झाले ते १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेपासून. मोठमोठ्या आज्ञावल्या उशिरा पुऱ्या होतात, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि हाती येते ते गिऱ्हाइकाला हवे असलेले नसतेच, ही त्या परिषदेपुढची चिंता होती. पुढे १९८६ साली फ्रेडरिक ब्रूक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की आज्ञावली तयार करण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय तयार करायचे हे ठरवणे. तिथे झालेली चूक मागाहून निस्तरणे फार कठीण जाते.

वरवर पाहता हे विचित्र वाटते. काय हवे ते विचारावे, लिहून घ्यावे, झाले! पण आपल्या पापणीचेच उदाहरण घ्या. समजा, १९८५ च्या सुमारास एखाद्या अनुभवी मराठी टंकलेखकाला कोणी विचारले असते, 'संगणकावर मराठीसाठी तुम्हाला काय काय लागेल?' तर त्याने काय उत्तर दिले असते? स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार. 'आमच्याकडे र दोन तऱ्हांनी जोडतात' हे वाक्य त्याच्या तोंडून बहुधा आलेच नसते. त्याला ते माहीत नाही म्हणून नव्हे, तर ते सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतच नाही म्हणून. जे अंगवळणी पडलेले असते ते माणूस सांगत नाही. गरजनिश्चितीतली पहिली अडचण ती हीच.

म्हणूनच नुसते विचारून भागत नाही, काम चाललेले पाहावे लागते. त्या टंकलेखकाशेजारी एक दिवस बसून त्याच्या हाताखालून जाणारी पत्रे पाहिली असती, तर 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांच्या' हे शब्द दर पानावर भेटले असते.

खिळ्यांपासून कळांपर्यंत

संगणकापूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसापुढे अनेक खणांची पेटी असे, आणि लिपीत जितकी वळणे तितके खिळे त्या खणांत असत. वापरणारा आणि साधन यांत अंतर नव्हते. एखादे अक्षर कमी पडले की ते त्याच दिवशी लक्षात येई. अर्थात त्याची किंमतही होती. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या काही शेकड्यांवर जाई. ती कमी करण्याच्या खटपटी पुण्यात फार पूर्वीपासून झाल्या. 'केसरी'च्या छपाईसाठी लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नात लक्ष घातले होते.

टंकलेखनयंत्राने पेच आणखी वाढवला. तिथे चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हे, एवढ्यातच सगळी लिपी बसवायची. मग अर्धी अक्षरे, काने आणि तुकडे जोडून अक्षर 'रचण्याची' पद्धत आली. हजारो तरुण-तरुणींनी हा कळफलक बोटांत मुरवला, शासकीय परीक्षा दिल्या आणि त्यावर नोकऱ्या मिळवल्या. ही मंडळी पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा भेटणार आहेत.

कानपूरहून पुण्याला

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे एक महत्त्वाचे काम कानपूरच्या आयआयटीत झाले. देवनागरीत चालणाऱ्या संगणकाचा नमुना १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवण्यात आला होता. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि हे काम 'जिस्ट' या नावाने तिथे पुढे चालू झाले. सी-डॅकचे नाव पुष्कळांना आठवते ते १९९१ च्या 'परम' महासंगणकामुळे. पण सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहाराशी अधिक जवळचा संबंध होता तो जिस्टचा.

जिस्टचे कार्ड हा गरज नेमकी ओळखल्याचा एक चांगला नमुना आहे. त्या काळी कचेऱ्यांत इंग्रजीत चालणाऱ्या आज्ञावल्या आधीपासून होत्या, नोंदींसाठी डीबेस, पत्रांसाठी वर्डस्टार. या सगळ्या भारतीय भाषांसाठी नव्याने लिहायच्या म्हटल्या तर कित्येक वर्षे गेली असती. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले, की त्याच जुन्या आज्ञावल्यांमध्ये देवनागरी, तमिळ किंवा बंगाली अक्षरे उमटू लागत. कचेरीला नवी आज्ञावली नको होती. हाताशी असलेली आज्ञावली आपल्या भाषेत चालायला हवी होती.

याच काळात भारतीय लिप्यांसाठी अक्षरसंकेतांचे मानक ठरत होते. त्याचे नाव इस्की. संगणक अक्षर साठवतो तो क्रमांकाच्या रूपात, आणि कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक याची सर्वमान्य यादी म्हणजे मानक. इस्कीची एक आवृत्ती १९८८ साली आली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने ते स्वीकारले. त्यात एक मोठा निर्णय होता. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना एकच यादी ठेवायची. मराठीचा क, बंगालीचा क आणि तेलुगूचा क यांना एकच क्रमांक. दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा होता. साठवायचे ते अक्षराचे चित्र नव्हे, तर त्याचे घटक उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवताना आधी क आणि मग वेलांटी.

एकच यादी म्हटल्यावर प्रत्येक भाषेच्या गरजा तीत मावायला हव्यात. दक्षिणेच्या भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत दाखवता यावा म्हणून खाली टिंब असलेल्या 'ऱ'ची सोय होती. मराठीत हे अक्षर स्वतंत्रपणे लागत नाही. पण हिंदीत लागत नसलेला पापणीचा र मराठीला मात्र हवा होता. १९९१ च्या मानकात दोन्हींची सांगड घातली गेली. टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडला, की तो पापणीच्या रूपात दिसेल! दक्षिणेसाठी ठेवलेल्या जागेत मराठीची गरज भागली आणि आचारी व आचार्य यांची ताटातूट झाली.

कळफलकाचा वाद

गरजा गोळा करताना दुसरी अडचण येते ती अशी, की दोन संबंधितांच्या गरजा परस्परविरोधी असतात, आणि दोघेही बरोबर असतात. कळफलकाचे तसेच झाले. इस्कीबरोबर 'इन्स्क्रिप्ट' नावाचा कळफलक आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. अल्पप्राण अक्षराच्याच कळीवर शिफ्ट दाबली की महाप्राण. मराठी शिकलेल्याला त्याच कळांवर कन्नडही टंकता येते. नव्याने शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयीची व्यवस्था होती.

पण टंकलेखनयंत्रावर पंधरा-वीस वर्षे काढलेल्या कारकुनाचे काय? त्याच्या बोटांना जुन्या कळांची जागा पाठ. नवा कळफलक म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा पहिली इयत्ता. तो जुन्या सवयीला चिकटून बसलेला नव्हता. त्याचे कौशल्य हीच त्याची मिळकत होती आणि ती एका निर्णयाने शून्य होणार होती. यावर काढलेला मार्ग साधा होता. सी-डॅकच्या 'आयएसएम'सारख्या आज्ञावल्यांत इन्स्क्रिप्ट आणि टंकलेखनयंत्राचा कळफलक असे दोन्ही पर्याय ठेवण्यात आले. साठवण एकच ठेवली, बोटांना मात्र निवड दिली. परस्परविरोधी दिसणाऱ्या गरजांमधली खरी गरज कोणती आणि सवयीचा भाग कोणता, हे वेगळे करता आले की असा मार्ग सापडतो.

जो खोलीत नव्हता

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ज्याला विचारायला हवे तो कधी कधी समोर नसतोच.

१९९० च्या दशकात पुण्यातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत संगणक झपाट्याने आले. सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी ही नावे पुस्तके छापणाऱ्यांच्या परिचयाची झाली. मुद्रकाची गरज स्पष्ट होती, की पान सुंदर दिसावे आणि वेळेवर निघावे. ती उत्तम रीतीने भागली. पण त्या काळातला पुष्कळसा छापील मजकूर फाँटच्या चित्रांप्रमाणे साठवला गेला. एका फाँटमध्ये ज्या क्रमांकावर 'क', त्याच क्रमांकावर दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच चिन्ह. फाँट बदलला की मजकुराची खिचडी. कागदावर पान बिनचूक, पण फाईलमध्ये शब्द शोधता येत नाही की अकारविल्हे लावता येत नाही.

इथे चुकले कोण? मुद्रकाला विचारले होते, त्याचे समाधानही झाले होते. ज्याला विचारले नाही तो होता वीस वर्षांनी तीच फाईल उघडणारा ग्रंथपाल, कोशकार किंवा विद्यार्थी. तो तेव्हा खोलीत नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलणाराही कोणी नव्हता. आज असा जुना मजकूर वापरायचा झाला की आधी त्याचे रूपांतर करावे लागते आणि मग तो ओळीओळीने तपासावा लागतो.

पापणीच्या बाबतीतही असेच काहीसे झाले. जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच यादी करणारे युनिकोड १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील भारतीय लिप्यांचे विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेले होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत पापणीचा र लिहिण्याची रीत अशी होती: साधा र, मग हलन्त, मग 'जोडक' नावाचे एक न दिसणारे चिन्ह. पुढे इस्कीशी मेळ राखून ऱ आणि हलन्त ही रीत मान्य झाली आणि जुनी रीतही चालू राहिली. परिणाम असा, की 'दुसऱ्या' हा शब्द डोळ्यांना अगदी सारखा दिसत असूनही संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवलेला असू शकतो. संकेत जसेच्या तसे जुळवणाऱ्या साध्या शोधात एक रूप शोधले तर दुसरे सापडत नाही. कित्येकांना यातली एकही रीत माहीत नसते. मग 'दुसर्या', 'शेतकर्यांचा' अशी रफाराची चुकीची रूपे फलकांवर आणि सरकारी कागदांवर झळकतात.

'ॲ'ची कथा याच जातीची आहे. 'ॲल्युमिनियम' लिहिताना मराठी माणूस अ वर चंद्र काढतो. युनिकोडमध्ये सुरुवातीला ए वर चंद्र असलेला 'ऍ' तेवढा होता. मराठी वळणाच्या ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने मराठीची वर्णमाला अद्ययावत करणारा निर्णय काढला ६ नोव्हेंबर २००९ रोजी. त्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांमध्ये स्थान मिळाले. जी भाषा आपली गरज स्वतःच लिहून ठेवत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या कोणी ती ओळखावी अशी अपेक्षा करता येत नाही.

न विचारण्याची किंमत

एका अक्षराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. न विचारण्याची सवय अक्षरांपुरती राहत नाही, म्हणून लंडनचे एक उदाहरण पाहू. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचे काम नव्या संगणकप्रणालीवर सोपवले. कोणती गाडी कुठे आहे हे प्रणालीला नीट कळेना, निरोप तुंबले, एकाच ठिकाणी दोन गाड्या तर दुसरीकडे एकही नाही असे प्रकार घडले. लोक ताटकळत राहिले आणि लवकरच जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. त्यात दाखवलेल्या अनेक दोषांपैकी एक असा, की ज्या कर्मचाऱ्यांना ही प्रणाली वापरायची होती त्यांना ती घडवताना पुरेसे सामील करून घेतले नव्हते.

याच्या उलट प्रयोगही झाले आहेत. १९८० च्या दशकात स्वीडन-डेन्मार्कमध्ये 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्राची पाने संगणकावर लावण्याची साधने कशी असावीत हे तिथे संशोधक आणि मुद्रण कामगारांच्या संघटना यांनी मिळून ठरवले. कामगारांना संगणकाची भाषा येत नव्हती. म्हणून कागद, पुठ्ठा आणि प्लायवूड यांची लुटुपुटीची यंत्रे केली. कामगार त्यांच्यापुढे उभे राहून रोजचे काम करून दाखवत. कुठे हात अडतो ते तिथेच कळे, आणि पुठ्ठा बदलायला खर्चही नगण्य.

आपल्या वर्गात

हे सारे आपल्याला शाळेत करून पाहता येईल, आणि त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही.

आधी एक छोटा प्रयोग. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक निवडा. इंग्रजी जे च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ उमटतो. त्यानंतर हलन्त आणि य टंका, पापणी दिसेल. आता 'कोल्हटकर, खरे, क्षीरसागर, जोशी, हर्डीकर' ही आडनावे अक्षरसंकेतांच्या क्रमाने लावायला सांगा. आपल्या वर्णमालेत क्ष शेवटी येतो. पण संगणक क्ष ला क, हलन्त आणि ष असे पाहतो, म्हणून क्षीरसागर कोल्हटकरांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे जाऊन बसतात. मराठी क्रम हवा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो. हजेरीपत्रक कसे लावतात हे आज्ञावली लिहिणाऱ्याला कोणी सांगितले होते का, असे मुलांना विचारा.

मग मोठा प्रयोग. निकालपत्रकाची आज्ञावली करायची आहे असे धरून मुलांचे गट पाडा. एक गट मुख्याध्यापकांना विचारील, दुसरा वर्गशिक्षकांना, तिसरा कारकुनांना, चौथा पालकांना. प्रत्येकाचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. मुख्याध्यापक म्हणतील, 'निकाल लवकर लागला पाहिजे.' एवढ्यावर आज्ञावली लिहिता येत नाही. वर्गशिक्षकांच्या शेजारी बसले तर दिसेल, की परीक्षेला न आलेल्या मुलासमोर ते शून्य लिहीत नाहीत, 'गै.ह.' लिहितात. शून्य गुण मिळणे, गैरहजर असणे आणि गुण अजून भरायचे राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आज्ञावलीने तिन्हींना शून्य मानले तर आजारी मुलगा नापास ठरेल. हे मुख्याध्यापक सांगणार नाहीत, शिक्षकही न विचारता सांगणार नाहीत. ते पाहावे लागेल.

शेवटी सर्व गटांनी मिळून कागदावर निकालपत्रकाचा नमुना काढावा आणि ज्यांना विचारले त्यांच्यापुढे परत ठेवावा. 'हे नव्हे, असे' हे उद्गार ऐकू आले तर प्रयोग यशस्वी झाला असे समजावे. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते. आणि एक प्रश्न प्रत्येक गटाने न विसरता विचारावा: या निकालपत्रकाशी संबंध येणारे असे कोण आहे, ज्याला आपण अजून विचारलेलेच नाही? दहा वर्षांनी शाळेत दाखल्यासाठी येणारा माजी विद्यार्थी मुलांना सुचतो का ते पाहावे.

जाता जाता एक शब्द फळ्यावर लिहून ठेवू: 'गिऱ्हाईक'. ज्याच्यासाठी सारे करायचे, त्याचे नाव लिहायलाही ती पापणी लागते. ती आज आपल्या संगणकावर उमटते, कारण तिची गरज वेळीच कोणाच्या तरी लक्षात आली आणि मानकात लिहिली गेली.